सोर्सवरून एचटॉप, बीटॉप, सिसस्टॅट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महापेला ज्या ऑफिसात मी लिनक्स सर्व्हर सांभाळते, तिथे दर पावसाळ्याच्या तोंडावर नवी मुलं-मुली रुजू होतात. त्यांचे प्रश्न ठरलेले आणि विचारायची वेळही ठरलेली: घणसोलीला मी ठाणे गाडी पकडली की फोन वाजतो. रबाळे येईपर्यंत निम्मा प्रश्न कळतो, ऐरोलीनंतर आवाज तुटायला लागतो, आणि मी ठाण्याला उतरून जिना चढेपर्यंत पलीकडे चुकीची कमांड देऊन झालेली असते. म्हणून हे पान. एचटॉप, बीटॉप, सिसस्टॅट ही मशीनवर काय चाललंय ते दाखवणारी साधनं. सोर्सवरून म्हणजे त्यांचा मूळ कोड आणून, तो आपणच कंपाइल करून (चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बदलून) बसवायचा.

कमांड मी फोनवर सांगते तशाच इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायच्या. 'हायफन हायफन' म्हटलं की दोन हायफन, मध्ये जागा सोडायची नाही.

एपीटीने, म्हणजे डेबियन-उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरने, एचटॉप एका ओळीत बसतं. मग सोर्सचा खटाटोप कशाला?

बहुतेक वेळा नकोच. हे ऐकून मुलं हिरमुसतात, पण चालू कामाच्या मशीनवर डिस्ट्रोचं (डेबियन, उबुंटू, रेड हॅट अशा लिनक्सच्या वाणाचं) तयार पॅकेज मिळत असेल तर तेच घ्यावं. त्याचे सुरक्षा अपडेट रोजच्या अपडेटबरोबर येतात. हाताने बांधलेल्या प्रोग्रॅमची विचारपूस करायला कोणी येत नाही, ती आपणच करायची.

सोर्सकडे वळावं लागतं ते वेगळ्याच कारणांनी. डेबियन स्टेबल किंवा रेड हॅटच्या घराण्यातल्या डिस्ट्रो व्हर्जन गोठवून ठेवतात आणि आपल्याला नेमकी नव्या व्हर्जनमधली सोय हवी असते. कधी रूटचा, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार मिळत नाही आणि साधन आपल्या होम डिरेक्टरीतच थाटावं लागतं. कधी पॅकेज बांधणाऱ्याने एखादा पर्याय बंद ठेवलेला असतो. शिवाय कॉन्फिगर (मशीन तपासणं), मेक (कंपाइल करणं), मेक इन्स्टॉल (फाइली जागेवर ठेवणं) ही साखळी एखाद्या छोट्या प्रोग्रॅमवर हाताखालून गेलेली असली, की उद्या कुणी हार्डवेअरवाल्याने नुसती टार फाइल (सोर्सचं गाठोडं) हातात ठेवली तरी घाम फुटत नाही.

सुरुवात कोणत्या साधनापासून करू?

एचटॉपपासून. हिशाम मुहम्मद यांनी ते २००४ मध्ये आणलं, २०२० पासून स्वयंसेवकांचा गट ते पुढे नेतोय. सी भाषेतला आटोपशीर कोड, आणि बाहेरची गरज म्हणावी तर टर्मिनलचा पडदा मांडणाऱ्या एनकर्सेस या एकाच लायब्ररीची.

एनमॉन त्याहून सोपं. आयबीएमच्या नायजेल ग्रिफिथ्स यांचं हे साधन २००९ मध्ये खुलं झालं. सगळा सोर्स एका सी फाइलमध्ये, कॉन्फिगर वगैरे भानगडच नाही, जीसीसी या कंपायलरची एक ओळ पुरते.

बीटॉप दिसायला सगळ्यांत देखणं, म्हणून सगळ्यांना आधी तेच हवं असतं. त्याच्या लेखकाने ते आधी बॅशमध्ये लिहिलं, मग पायथनमध्ये, आणि २०२१ मध्ये सी प्लस प्लसमध्ये. त्याला सी प्लस प्लस २० किंवा त्याहून नवं समजणारा कंपायलर लागतो. रेड हॅटच्या घराण्यातल्या सेंटओएस ७ वर जीसीसी ४.८ असतो. तिथे बीटॉपसाठी पाय आपटून उपयोग नाही, वेगळा कंपायलर बसवावा लागतो. तसंही सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे ते मशीन हलवण्याचा विषय साहेबांकडे काढलात तर बरं.

ग्लान्सेस पायथनचं आहे, ते या पानाच्या कक्षेत येत नाही.

कंपाइल करण्याआधी काय काय बसवायचं?

डेबियन आणि उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबएनकर्सेस-डेव्ह. रेड हॅटकडे जीसीसी, मेक, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि एनकर्सेस-डेव्हेल.

शेवटच्या शब्दाकडे लक्ष द्या. 'एनकर्सेस तर आहे, टॉप चालतोय की' असं दर वर्षी कोणीतरी म्हणतंच. आहे ती चालवण्यापुरती लायब्ररी. कंपाइल करायला तिच्या हेडर फाइली लागतात आणि त्या डेव्ह किंवा डेव्हेल नावाच्या वेगळ्या पॅकेजात असतात. डबा आहे, पण त्यात काय शिजवलंय त्याची कृती दुसऱ्या कपाटात, तसं.

गिटवरून सोर्स घेतला, पण त्यात कॉन्फिगर नावाची फाइलच नाही!

नसणारच. ती फाइल माणूस लिहीत नाही, ऑटोकॉन्फ तयार करतं. एचटॉपच्या गिटमध्ये (कोडच्या साठ्यात) ऑटोजेन डॉट एसएच ही स्क्रिप्ट आहे, ती आधी चालवा म्हणजे कॉन्फिगर उगवेल. हा द्राविडी प्राणायाम नको असेल तर प्रकाशकांनी रिलीजच्या पानावर स्वतः चढवलेली टार फाइल घ्या, तीत कॉन्फिगर तयार असते. गिटहब त्याच पानावर 'सोर्स कोड' नावाची आपोआप बनवलेली टार फाइलही ठेवतं. ती म्हणजे गिटचीच नक्कल, तीत कॉन्फिगर सापडणार नाही. दोन्ही फाइली एकाखाली एक असतात आणि घाईत बोट नेमकं चुकीच्या फाइलीवर पडतं.

कॉन्फिगर अर्ध्यावर थांबतं. पडद्यावर शंभर ओळी येतात, त्यातलं वाचायचं काय?

कॉन्फिगर तुमच्या मशीनची झडती घेतं. कंपायलर आहे का, अमुक हेडर आहे का, तमुक फंक्शन सापडतं का. प्रत्येक प्रश्नासाठी ते एक चिमुकला सी प्रोग्रॅम लिहितं, कंपाइल करून बघतं आणि पुसून टाकतं. 'चेकिंग फॉर' ने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे असा एक प्रयोग. त्यामुळे ओळींच्या शेवटी 'नो' दिसला की घाबरू नका. पुष्कळ 'नो' निरुपद्रवी असतात.

वाचायची ती 'एरर' असलेली ओळ. तिने समाधान झालं नाही तर त्याच डिरेक्टरीतली कॉन्फिग डॉट लॉग उघडा. तीत प्रत्येक प्रयोगाचा तो चिमुकला प्रोग्रॅम आणि कंपायलरने काढलेली तक्रार जशीच्या तशी असते. फाइलीच्या अगदी तळाशी बदलणाऱ्या घटकांची लांबलचक यादी असते, त्यामुळे तळाला जाऊन काही कळत नाही. 'एरर' शब्द शोधा आणि तिथून वर सरकत वाचा.

एचटॉपच्या बाबतीत तक्रार बहुधा लिबएनकर्सेसडब्ल्यू सापडत नसल्याची असते. संदेशातच सुचवलेलं असतं की हवं तर हायफन हायफन डिसेबल-युनिकोड द्या. देऊ नका. डेव्ह पॅकेज बसवा आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा. युनिकोड बंद केलंत तर देवनागरी नावाची फाइल उघडणारी प्रक्रिया यादीत प्रश्नचिन्हांची माळ घालून बसेल.

मेकला किती वेळ लागतो? मध्येच 'किल्ड' येऊन थांबतं.

एचटॉप चहा कपात ओतेपर्यंत होतं. बीटॉपला जुन्या लॅपटॉपवर काही मिनिटं लागतात. मेकला हायफन जे आणि पुढे कोअरची संख्या दिली की कामं समांतर होतात. ती संख्या एनप्रॉक सांगतं.

'किल्ड' आणि सीसी१प्लस हे शब्द एकत्र दिसले तर मेमरी संपली आणि कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) कंपायलरलाच उडवलं असं समजा. सी प्लस प्लसची एकेक फाइल कंपाइल होताना शेकडो एमबी खाते. १ जीबीच्या व्हर्च्युअल मशीनवर हायफन जे ४ दिलंत तर दुसरं काय होणार? हायफन जे १ द्या किंवा तात्पुरती स्वॅप फाइल लावा.

'क्लॉक स्क्यू' ही कुरकुर दिसली तर मशीनचं घड्याळ बघा. कोणती फाइल नवी आणि कोणती जुनी हे मेक वेळेवरून ठरवतं. घड्याळ मागे असेल तर फाइली भविष्यातल्या दिसतात आणि काय पुन्हा कंपाइल करायचं याचा घोळ होतो. घड्याळ जुळवणारी क्रोनी ही सेवा चालू करा.

आणि 'मिसिंग सेपरेटर' आलं तर तुम्ही मेकफाइलचा तुकडा व्हॉट्सॅपवरून चिकटवलाय. मेकफाइलमध्ये कमांडच्या आधी टॅब लागतो, स्पेस चालत नाहीत. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं तेव्हापासूनचा हा टॅब आहे. तो बदलणार नाही, आपण बदलायचं.

प्रीफिक्स म्हणजे काय? यूएसआर दिलं तर काय बिघडतं?

प्रीफिक्स म्हणजे मेक इन्स्टॉल फाइली कुठे नेऊन ठेवणार ती जागा. काही सांगितलं नाही तर /यूएसआर/लोकल. ही जागा तुमची. नुसतं /यूएसआर ही पॅकेज मॅनेजरची, तिथे आपण पाहुणे.

काय बिघडतं ते मी स्वतः करून पाहिलंय. सेंटओएस ७ चं मशीन, रात्रपाळी. टॉपचं नवं व्हर्जन हवं म्हणून मी प्रॉकप्स-एनजीचा सोर्स घेतला आणि 'जुनं राहायलाच नको' अशा हौसेने प्रीफिक्स /यूएसआर दिला. टॉप एकटं येत नाही हे डोक्यात नव्हतं. त्याच सोर्समधून पीएस (चालू प्रक्रियांची यादी), फ्री (मेमरीचा हिशेब), पीग्रेप, व्हीएमस्टॅट, अपटाइम सगळं येतं. मेक इन्स्टॉलने ती सगळी जुन्यांवर बसवली. त्यांची नवी लायब्ररी गेली /यूएसआर/लिबमध्ये, आणि ६४ बिटच्या त्या मशीनचे प्रोग्रॅम ती शोधत होते /यूएसआर/लिब६४ मध्ये. पीएस टाकलं की उत्तर एकच: शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही.

मला हे लगेच कळलंच नाही, कारण मी मेक इन्स्टॉल संपताना पाहिलं आणि खाली चहाला गेले. त्या मशीनवर दर दहा मिनिटांनी एक बॅकअप स्क्रिप्ट उठायची. आधीचा बॅकअप चालू आहे का हे ती पीएसला विचारायची. पीएस बोलतच नाही म्हटल्यावर स्क्रिप्टने समजूत करून घेतली की काहीच चालू नाही, आणि दुसरा बॅकअप सुरू केला. मग तिसरा, मग चौथा. मी वर आले तेव्हा टर्मिनलवर एक अक्षर टाइप केलं की ते उमटायला वेळ लागत होता. लोड बघावा म्हणून टॉप टाकलं. टॉपही नाही. जे बघायचं त्यासाठीचा चष्माच मी फोडला होता.

दोन गोष्टींनी वाचवलं. कॅट /प्रॉक/लोडअॅव्हजी कुठल्याही साधनाशिवाय चालतं. टॉप, एचटॉप, फ्री सगळे शेवटी /प्रॉकच, म्हणजे कर्नलने तिथे मांडलेले आकडेच, वाचतात. आणि /यूएसआर/लोकलमध्ये आधी कधीतरी कंपाइल करून ठेवलेलं एचटॉप होतं, ते प्रॉकप्सच्या लायब्ररीवर अवलंबून नाही. त्यातून जादा बॅकअप मारले, यम रीइन्स्टॉल प्रॉकप्स-एनजी केलं, आणि आरपीएम हायफन मोठा व्ही देऊन पॅकेजच्या फाइली जागच्या जागी आहेत का ते तपासलं. स्क्रिप्टला मग फ्लॉक लावलं, म्हणजे एका वेळी एकच प्रत चालते.

तेव्हापासून मी प्रत्येक साधन /ऑप्टमध्ये व्हर्जनच्या नावाने बसवते: प्रीफिक्स /ऑप्ट/एचटॉप-३.३.०, आणि /यूएसआर/लोकल/बिनमध्ये एक सिमलिंक (त्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवणारी लिंक). नवं व्हर्जन आलं की लिंक फिरवायची, नाही आवडलं तर परत. रूट नसेल तर होममधलं .लोकल हे प्रीफिक्स द्या आणि त्यातली बिन डिरेक्टरी पाथमध्ये (प्रोग्रॅम जिथे शोधले जातात त्या यादीत) घाला.

नवं बसवलं, तरी हायफन हायफन व्हर्जन जुनंच दाखवतं.

हॅश हायफन आर द्या. बॅश प्रोग्रॅमचा पत्ता लक्षात ठेवतं आणि जुन्याच दारात जाऊन उभं राहतं. तरी फरक नाही पडला तर टाइप हायफन ए एचटॉप देऊन कोणकोणत्या पत्त्यावर आहे ते बघा.

साधं चालतं पण सुडोने 'कमांड सापडली नाही' येतं, ही तक्रार रेड हॅटवाल्यांची. तिथल्या सुडोअर्स फाइलीतल्या सिक्युअर-पाथमध्ये /यूएसआर/लोकल/बिन नसतं. पूर्ण पत्ता देऊन चालवा. सुडोअर्स फाइल बदलायचीच असेल तर फक्त व्हीसुडोने.

'शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही' येतं, आणि मी तर /यूएसआर दिलेलं नाही.

एलडीडी एचटॉप द्या, जिच्यापुढे 'नॉट फाउंड' ती हरवलेली. ती /यूएसआर/लोकल/लिबमध्ये खरोखर असेल तर तो पत्ता एलडी.एसओ.कॉन्फ.डी डिरेक्टरीत एका छोट्या फाइलीत लिहा आणि सुडो एलडीकॉन्फिग चालवा. होममध्ये बसवलंय आणि रूट नाही, तर एलडी-लायब्ररी-पाथ हाच मार्ग. पण तो बॅशआरसीमध्ये कायमचा कोरून ठेवू नका, वर्षभराने दुसराच प्रोग्रॅम चुकीची लायब्ररी उचलेल आणि कारण तुम्हालाही आठवणार नाही.

सिसस्टॅट कंपाइल झालं, त्यातलं आयओस्टॅट (डिस्कचे आकडे) चालतं, पण सार (मागच्या नोंदी) म्हणतं फाइल उघडता येत नाही.

कारण फाइल भरणारं कोणी नाही. सार स्वतः मोजमाप करत बसत नाही, सिसस्टॅटच्याच एसएडीसीने ठरावीक वेळाने, बहुधा दर १० मिनिटांनी, नोंदवलेले आकडे ते दाखवतं. सोर्सवरून बसवताना कॉन्फिगरला हायफन हायफन इनेबल-इन्स्टॉल-क्रॉन दिलं नसेल तर ती पाळी लावलीच जात नाही. प्रश्नोत्तरांनी करायचं असेल तर आयकॉन्फिग नावाची स्क्रिप्ट आहे, ती एकेक पर्याय विचारते.

दुसरी गफलत अशी, की डेबियनचं पॅकेज नोंदी /व्हार/लॉग/सिसस्टॅटमध्ये ठेवतं आणि मूळ सोर्स /व्हार/लॉग/एसएमध्ये. दोन्ही एकाच मशीनवर असतील तर एक लिहितं एकीकडे, दुसरं वाचतं दुसरीकडे. शिवाय नोंदींचा साचा व्हर्जनगणिक बदललेला आहे. जुनी फाइल एसएडीएफ हायफन सी ने नव्या साच्यात आणता येते.

आयओस्टॅट आणि व्हीएमस्टॅटचा पहिला अहवाल मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो. आत्ताचं बघायचं तर तो सोडून दुसऱ्यापासून वाचा. पहिल्याच ओळीचा फोटो काढून 'डिस्क निवांत आहे' असं मला पाठवू नका.

आयओटॉपमध्ये (कोणती प्रक्रिया डिस्क किती वापरतेय ते दाखवणाऱ्या साधनात) प्रतीक्षेचा रकाना रिकामा का?

कर्नल ५.१४ पासून डिले अकाउंटिंग, म्हणजे प्रक्रिया किती वेळ खोळंबल्या याची नोंद, मुळातच बंद असतं. सिसकंट्रोलने कर्नल.टास्क_डिलेअॅक्ट १ करा, काम झालं की परत ०.

एचटॉपची मेमरी वेगळी, फ्रीची वेगळी. खरं कोण?

दोघंही. दोघं /प्रॉक/मेमइन्फोच वाचतात, 'वापरलेली' कशाला म्हणायचं यावर मतभेद आहे. प्रॉकप्सच्या ४.० मालिकेतलं फ्री एकूणातून उपलब्ध वजा करतं. जुनं फ्री रिकामी, बफर आणि कॅश वजा करायचं. व्हर्जन बदललं की आकडा उडी मारतो आणि कोणीतरी 'मेमरी गळतेय' म्हणून तिकीट टाकतं. निर्णय घेताना 'अव्हेलेबल' हा रकाना बघा, तो कर्नल स्वतः ३.१४ पासून देतो.

असंच लोडचं. लोड २० आणि सीपीयू ऐसपैस मोकळा, हे लिनक्सवर सहज शक्य आहे, कारण इथे डिस्कची वाट बघत अडकलेल्या, म्हणजे डी अवस्थेतल्या प्रक्रियाही लोडमध्ये मोजतात. तिकीटखिडकीवर रांग लांब आहे म्हणजे खिडकीतला माणूस राबतोयच असं नाही, प्रिंटरही अडकलेला असू शकतो. माझ्या त्या रात्री चार-चार बॅकअप एकाच डिस्कवर भांडत होते, तेव्हा अगदी हेच चित्र होतं.

डेटा सेंटरमधल्या मशीनला इंटरनेट नाही. बाहेर कंपाइल करून नेलं तर 'जीलिबसी २.३४ नाही' येतं.

जीलिबसी म्हणजे जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर उभे असतात ती सी लायब्ररी. नव्या मशीनवर बांधलेलं जुन्यावर चालत नाही, उलट मात्र बहुतेक वेळा चालतं. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१, रेड हॅट ८ मध्ये २.२८. न्यायचं ज्या मशीनवर आहे त्याच व्हर्जनच्या कंटेनरमध्ये कंपाइल करा. बीटॉपचे प्रकाशक मसल या दुसऱ्या सी लायब्ररीवर बांधलेली स्टॅटिक (लायब्ररी पोटातच घेतलेली) बायनरीही देतात, तिला जीलिबसीशी देणंघेणं नाही. पेनड्राइव्ह आत न्यायची परवानगी आधी काढा. रबाळ्याच्या एका इमारतीच्या गेटवर मी त्यापायी पाऊण तास पावसात उभी होते.

सोर्सवरून बांधलं म्हणजे सुरक्षित, बरोबर?

नाही. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड यांनी फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीत कुणी लपवलेलं मागचं दार उघडकीला आणलं. ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये ते होतं. ते कामाला लावणारी बिल्ड स्क्रिप्ट प्रकाशित टार फाइलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. म्हणजे गिट वाचून काही कळलं नसतं, आणि त्या टार फाइलवरून डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बांधलं की दार आत शिरत होतं. सापडलं कसं? एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू उगाच खातोय, हे त्यांना खटकलं.

एसएचए२५६समने फाइलीचा ठसा प्रकाशकांनी दिलेल्याशी जुळवून बघा, सही दिलेली असेल तर जीपीजीने तपासा, आणि कॉन्फिगर व मेक कधीही रूट म्हणून चालवू नका. सुडो फक्त मेक इन्स्टॉलला. त्याआधी मेक हायफन एन इन्स्टॉल दिलंत तर काय कुठे जाणार ते नुसतं छापून दिसतं. माझ्या वेळी मी ते वाचलं असतं तर पीएसचं नाव त्यात दिसलं असतं.

काढून कसं टाकायचं?

सोर्सची डिरेक्टरी ठेवली असेल तर तिथून सुडो मेक अनइन्स्टॉल. पण ते सगळ्याच प्रोग्रॅमांत नसतं, आणि ज्या प्रीफिक्सने कॉन्फिगर केलं होतं तोच कायम असावा लागतो. डिरेक्टरी पुसून टाकली असेल तर तेच व्हर्जन पुन्हा उतरवा, त्याच पर्यायांनी कॉन्फिगर करा आणि मग अनइन्स्टॉल. पर्याय आठवत नसतील तर अवघड आहे. म्हणून कॉन्फिग डॉट लॉग जपून ठेवा, त्याच्या सुरुवातीलाच तुम्ही दिलेली पूर्ण कमांड लिहिलेली असते. /ऑप्टमध्ये वेगळ्या डिरेक्टरीत बसवलं असेल तर सिमलिंक काढा आणि ती एक डिरेक्टरी पुसा. पुसण्याआधी ती कमांड मला वाचून दाखवा, पण ऐरोली यायच्या आत.